अकरावा ईझल

मादाम प्रभाच्या मागे येऊन उभी राहिली आणि काहीच बोलली नाही. त्याच दिवशी कल्याणीला पहिल्यांदा आपल्याच आईचा हेवा वाटला.

कारण मादाम गप्प बसणारी बाई नव्हतीच. ती प्रत्येकाच्या मागे उभी राहायची आणि सुरू व्हायची. खांदा वर गेलाय, मान जाड झालीय, हे गुडघे आहेत की बटाटे. मॉन्ट्रियलची बाई, इंग्लिश बोलता बोलता मध्येच फ्रेंचमध्ये घुसायची आणि चिडली की पूर्णच फ्रेंच. कल्याणीने चार महिने दर शनिवारी ती बडबड खाल्ली होती. चित्र खरंच जमलं तरच मादामचं तोंड बंद व्हायचं, हे त्या स्टुडिओत सगळ्यांना माहीत होतं. कल्याणी त्या एका शांततेसाठी जीव टाकत होती. आणि ती मिळाली कोणाला? आईला. जी चित्र काढायला आलीच नव्हती. जी पार्किंगमध्ये बसून वाट बघायला आली होती.

झालं होतं असं, की कल्याणीने बारावीत असताना शाळा सोडली. एका दुपारी मॅथ्सच्या सरांशी वाजलं, तिने बॅग उचलली ती परत नेलीच नाही. आता ती एकोणीस वर्षांची होती, कॅनडात स्कारबरोतल्या एका ग्रोसरी स्टोअरमध्ये आठवड्याचे चार दिवस शेल्फ लावायची, आणि घरात तिच्याबद्दल बोलताना सगळे आवाज खाली करायचे. तिच्याकडे एकच गोष्ट होती जी दुसऱ्या कोणाला येत नव्हती. तिला दिसायचं. बसमध्ये समोर बसलेल्या माणसाचा एक कान खाली आहे, हे तिला पहिल्या स्टॉपलाच दिसायचं, आणि हातात बॉलपेन असलं तर पावतीच्या मागे तो कान उतरायचाही. नॉर्थ यॉर्कमधल्या जुन्या कारखान्यातला हा स्टुडिओ तिनेच शोधला, तिनेच अप्लाय केलं. आई नुसती सोडायला यायची. शनिवारी सकाळी बसने दोन तास लागतात म्हणून.

जानेवारीत एकदा फार थंडी होती. मादामने खिडकीतून पाहिलं, की खाली गाडीत एक बाई टोपी घालून दोन तास इंजिन चालू ठेवून बसलीय. तिने खाली जाऊन काच ठोकली आणि आईला वर आणलं. वर आणलं ते आणलं, पुढ्यात कागद ठेवला. इथे कोणी रिकामं बसत नाही म्हणाली. कल्याणीला तेव्हा हसू आलं होतं. तिने आईला लाल खडू कसा धरायचा तेसुद्धा स्वतः दाखवलं. पुढे हे आठवलं की तिला स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटायची.

तर स्टुडिओची पद्धत अशी. तिथे सगळं जुन्या फ्रेंच रीतीने चालायचं. पहिले काही शनिवार दुसऱ्यांची चित्रं बघून नक्कल करायची. मग प्लास्टरचे पुतळे. धड, हात, पाय, नाक तुटलेला कोणी एक देव. हे सगळं बाहेरच्या हॉलमध्ये. आणि हॉलच्या टोकाला एक दार, त्या दाराच्या आत जिवंत माणूस. अंगावर एक धागा नसलेला, मधला ब्रेक सोडला तर तीन तास एकाच पोझमध्ये उभा. आत अकरा ईझल, म्हणजे चित्र टेकवायचे स्टँड, मावायचे, बारावा नाही. दार बंद झालं की मॉडेल उभा असेपर्यंत कोणी उघडायचं नाही. बाहेरून फक्त हीटरची घरघर ऐकू यायची आणि खडूची खरखर.

एकदा चहा पिताना मादामने सांगितलं होतं, की तीनशे वर्षांपूर्वी पॅरिसला राजाच्या अकॅडमीत असंच होतं. मधे मॉडेल, भोवती बाकांवर पोरं. कोण कुठे बसणार ते नंबरावर. ज्याचं चित्र वरचं, तो आधी जागा निवडणार, आणि शेवटच्याला मिळायचा मॉडेलचा कुल्ला. मॉडेलचा वर धरलेला हात दुखू नये म्हणून छतातून दोरी सोडायचे, ती धरून तो उभा राहायचा. मोठी चित्रं म्हणजे देवांची, लढायांची. आणि ती काढायची तर आधी उघडं शरीर काढता यायला हवं. बायकांना मात्र त्या खोलीत प्रवेश नव्हता. चित्रकार म्हणून नाव असलं तरी नाही. त्यांनी फुलं काढावीत, फळं काढावीत, नाहीतर शेठाणीचं तोंड काढावं.

प्रभाने कप खाली ठेवला. "म्हणजे चित्र काढता येत होतं, पण खोलीत पाय ठेवता येत नव्हता?"

मादाम म्हणाली, वुई. हो.

 घरी येताना हायवेवर, वायपर चालू असताना, आई मधेच म्हणाली, "आपल्याला तर तळ्याच्या पाण्याला हात लावू देत नव्हते. ह्या बायांनी फुलांवर भागवलं असन, पण आत काय चाललं ते डोक्यातून गेलं नसन." कल्याणीने एअरबड्स घातले. आईला प्रत्येक गोष्टीत आपला इतिहास सापडतो, असं तिला वाटलं. आणि मेन म्हणजे, ती खोली कल्याणीची होती. आईने त्या दाराकडे बघायचंच कशाला?

पण आई बघत होती. आणि आईचं चित्र चांगलं होत होतं, हे सगळ्यात वाईट.

आईच्या रेघा काही सुंदर नव्हत्या. नागपूरकडच्या कोणत्या तरी शाळेत तिने जास्वंद आणि झोपडी काढली असेल तेवढंच. पण प्रभा बावीस वर्षं हॉस्पिटलच्या फिजिओथेरपीत कामाला होती. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या म्हाताऱ्यांना परत चालायला शिकवणं हे तिचं काम. दिवसभर ती लोकांना एकच प्रश्न विचारायची, वजन कुठल्या पायावर आहे. पुतळ्यालाही तिने तेच विचारलं. हात नसलेल्या, डोकं नसलेल्या त्या धडाकडे बघून ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती, की याचा डावा पाय काम करतोय, उजवा आराम करतोय. पाय तर पुतळ्याला नव्हतेच. कल्याणीने तोच पुतळा तीन महिने काढला होता, प्रत्येक ओरखडा, प्रत्येक टवका, सावलीतली सावली. तिचं चित्र पुतळ्यासारखं दिसायचं. आईचं चित्र माणसासारखं दिसायचं. तिला हे दिसलं, आणि दिसलं म्हणूनच जास्त झोंबलं.

फेब्रुवारीत निहार निघाला. निहार म्हणजे आतल्या खोलीतला पुण्याचा मुलगा, कॉलेज संपवून पीआरच्या, म्हणजे कायम राहायच्या परवान्याच्या, मागे लागलेला. त्याला पार देशाच्या दुसऱ्या टोकाला, कोक्विटलामला, नोकरी लागली आणि त्याचा ईझल रिकामा झाला. मादामने हॉलमध्ये येऊन जाहीर केलं, मार्चच्या पहिल्या शनिवारी भिंत. म्हणजे हॉलमधल्या पाच जणांनी आपापलं चित्र भिंतीवर लावायचं, खाली नाव लिहायचं नाही. मादाम नंबर लावणार. पहिला आत.

नाव नसलं तरी कोणतं चित्र कोणाचं हे आंधळ्यालाही कळलं असतं. बाकी तिघे हौशी होते. खरी शर्यत दोघींची होती, आणि त्या दोघी एकाच घरात राहत होत्या, एकाच वॉशरूमसाठी सकाळी भांडत होत्या.

घरात आता विचित्रच चाललं होतं. आई ओट्याशी उभी राहून कुकरची शिट्टी होईपर्यंत स्वतःचा हात काढायची. पप्पांना, म्हणजे राजरत्नना, हे सगळं उशिरा समजलं, कारण ते असोसिएशनच्या एप्रिलमधल्या जयंतीच्या कार्यक्रमात गळ्यापर्यंत बुडाले होते. हॉल बुक करा, जेवण सांगा, फोनवर जय भीम आणि परत जय भीम. एक दिवस जेवताना प्रभाने त्यांना सरळ सांगितलं, की आत जागा मिळाली तर तिथे माणूस कपडे न घालता उभा असतो. पप्पांनी घास खाली ठेवला. अजिबात नाही का, असं त्यांनी विचारलं. मग बराच वेळ वरण कालवत राहिले आणि शेवटी म्हणाले, की तू हॉस्पिटलात काय कमी बघतेस. वर हेही म्हणाले, की असोसिएशनमध्ये मात्र पेंटिंग क्लास एवढंच सांगू. कल्याणी वाट बघत होती, की हाच प्रश्न ते आपल्याबद्दल विचारतील. पोरीने आत जावं का, तिला चालेल का. त्यांनी विचारलंच नाही. जणू आत जाणार ती आईच, हे ठरलंच होतं.

आणि मग कणकेचं झालं.

स्टुडिओत रबर चालत नसे. खडू पुसायला ब्रेडचा मऊ गर वापरायचा, हीसुद्धा पॅरिसचीच जुनी रीत. प्रभाला ते बघवेना. अख्खी स्लाइस कुस्करून जमिनीवर सांडायची, ते अन्न आहे म्हणे. पुढच्या शनिवारी ती स्टीलच्या डबीत कणकेचा गोळा घेऊन आली. आणि खरंच, गोळ्याने लाल खडू असा अलगद उचलला जायचा की बाजूचा हौशी माणूसही मागायला लागला. प्रभा खूश.

कल्याणीने मात्र सकाळी ओट्यावर पाहिलं होतं. पोळ्या मऊ व्हाव्यात म्हणून आई कणकेत चमचाभर तेल घालते आणि शेवटी वरून तेलाचा हात फिरवते. नेहमीसारखंच. आणि दुपारी खिडकीतून ऊन आलं तेव्हा तिला आईच्या कागदावर तीन डाग दिसले. एक खांद्याजवळ, दोन बरगड्यांवर. भज्यांच्या कागदासारखे, आरपार. समोरून बघणाऱ्याला कळले नसते. तिला कळले. तेल लागलेल्या कागदावर खडू बसत नाही, घसरतो, हे तिला माहीत होतं, कारण तिने स्वतः एकदा समोसा खाऊन चित्र वाया घालवलं होतं.

एक वाक्य पुरलं असतं. आई, त्यात तेल आहे. पाच शब्दसुद्धा नाहीत.

ती बोलली नाही. त्या शनिवारी नाही, पुढच्या शनिवारी नाही. आई त्याच जागी परत परत खडू घासत होती, भुवया जवळ आणत होती, तो तिथे का लागत नाही ते तिला समजत नव्हतं. मग ती तिथे गोळा फिरवायची आणि डाग अजून पसरायचा. कल्याणी आपल्या ईझलमागून बघायची. तिला बरं वाटत होतं. इतकं बरं की लाज वाटायला जागाच उरली नव्हती.

मार्चचा पहिला शनिवार आला. बाहेर उणे अठरा. पाच चित्रं भिंतीला टाचली गेली. मादाम हात पाठीमागे बांधून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली, परत आली. दोन चित्रं खाली उतरवली. मग तिसरं. उरली दोन. तिने प्रभाचं चित्र काढून खिडकीशी नेलं, उजेडासमोर धरलं, आणि ते तीन डाग आता सगळ्यांनाच दिसले, तीन छोट्या खिडक्यांसारखे.

हे काय, तिने विचारलं. प्रभाने कणकेचं सांगितलं, तेलाचंही सांगितलं, आणि सांगता सांगताच तिला स्वतःला कळलं, चेहऱ्यावरूनच दिसलं. मादामने विचारलं, की इतक्या दिवसांत तुला कोणी सांगितलं नाही का.

प्रभाने कल्याणीकडे पाहिलं. एकदाच. पेशंटच्या पायाकडे बघते तसं, वजन कुठे आहे ते शोधत. कल्याणीने बुटाच्या लेसकडे बघायला सुरुवात केली.

"कोणाच्या लक्षात नाही आलं," आई इंग्लिशमध्ये म्हणाली.

मादामने खांदे उडवले. तेल कागदाला लागलंय, म्हणाली, माणसाला नाही. माणूस उभा आहे. मग कल्याणीच्या चित्राकडे वळून तिने बरंच चांगलं सांगितलं, डोळा, संयम, सावल्या, आणि त्यातला प्रत्येक शब्द कल्याणीला लिमलेटच्या गोळीसारखा वाटला, रडणाऱ्या पोराच्या हातात कोंबतात तशी. पहिला नंबर प्रभा. दुसरा कल्याणी.

पण खरं सांगायचं तर तोपर्यंतही कल्याणी पूर्ण हरली नव्हती. तिला आई माहीत होती. शेवटचा गुलाबजाम कोणाला, गाडीत हीटरसमोरची सीट कोणाला, नवा फोन आधी कोणाला, हे त्यांच्या घरात कधी ठरवावंच लागलं नव्हतं. आता आई म्हणणार, राहू दे, मला काय करायचंय या वयात, पोरीला जाऊ दे. कल्याणीने चेहरासुद्धा तयार ठेवला होता. एकदा नको म्हणायचं, नीट, मनापासून वाटेल असं. दुसऱ्यांदा घ्यायचं.

मादामने विचारलं, जागा घेणार ना?

"घेते," प्रभा म्हणाली.

एवढंच. मागेपुढे काही नाही. आईने आपली डबी, खडू, बोर्ड उचलला. दारापाशी जाऊन क्षणभर थांबली, शर्टाच्या बाह्या वर केल्या, कामावर करते तशा, आणि आत गेली. दार बंद झालं.

कल्याणीचं डोकं असं काही फिरलं, की जिना कधी उतरली ते तिला कळलंच नाही. पार्किंग ओलांडून ती रस्त्याला लागली, तोंडाने एकटीच बोलत. आईने कुठे काही सोसलंय यासाठी. हे मी शोधलं होतं. शाळा माझी सुटली, हे तरी माझं असू दिलं असतं. नोकरी तिची, घर तिचं, माणसं तिची, जिथे जाईल तिथे प्रभाताई प्रभाताई. आता हेही घे. बस स्टॉपपर्यंत पोचल्यावर तिच्या लक्षात आलं, की अंगावर नुसता टीशर्ट आणि लाल खडूने बरबटलेला एप्रन आहे. जॅकेट वर, फोन जॅकेटमध्ये, बस कार्ड फोनच्या कव्हरमध्ये. स्टॉपवरच्या एका काकांनी, शीख होते, हिंदीत विचारलं, बेटा ठीक तो हो. ती ठीक हूँ म्हणाली तेव्हा दात वाजत होते. रागाने घर सोडून जाणाऱ्या माणसाने कॅनडात आधी कोट घालावा, नाहीतर राग पाच मिनिटं टिकतो.

ती परत वर आली. हॉलमध्ये कोणी नव्हतं, बाकी तिघे जेवायला गेले होते. दाराआडून हीटर घरघरत होता. तिने जॅकेट घातलं, फोन काढला, बसची वेळ बघितली. चाळीस मिनिटं. ती रेडिएटरला पाठ लावून जमिनीवर बसली आणि त्या दाराकडे बघत राहिली. आत आई काय बघतेय, कुठल्या बाजूने बघतेय, हे मनात आलं की जीव जळायचा.

ब्रेक झाला. दार उघडलं, आतला गरम वास बाहेर आला, लाकडाचा आणि घामाचा. मॉडेल अंगात गाऊन चढवून कॉफीकडे गेला. साठीचा साधा माणूस, टक्कल, पायात लोकरीचे मोजे. यासाठी, कल्याणीला वाटलं, या काकांसाठी मी मरत होते. पण लगेच हेही वाटलं, की यांच्या पोटाची ती घडी मला आजच्या आज काढायची होती.

मागून आई आली. तिच्या नाकाला लाल खडू लागला होता. तिने कल्याणीला बघितलं, जॅकेट बघितलं, काही विचारलं नाही. बोर्ड तिच्या हातातच होता. ती शेजारी भिंतीला टेकून खाली बसली, गुडघा मोडताना हळूच कण्हली, आणि बोर्ड दोघींच्या मधे उभा केला.

कल्याणीने बघायचं नाही ठरवलं होतं. दोन सेकंद टिकलं.

चित्र चांगलं होतं. छातीत कोणी चिमटा घ्यावा इतकं चांगलं. माणसाने उजवा हात वर करून, पॅरिससारखीच, छतातून सोडलेली दोरी धरलेली, डावा पाय जमिनीत रुतलेला, पोट थोडं सुटलेलं, आणि सगळं वय त्या पाठीत. ती चूक शोधायला लागली. तिला चूक हवी होती, तहान लागल्यासारखी. घोट्यावरून वर गेली, गुडघा, कंबर, बरगड्या, खांदा. सगळं जागच्या जागी. मग मनगट. मग दोरी.

"दोरी ढिली आहे," ती म्हणाली. जितकं टोचेल तितकं टोचवून.

"हं?"

"तू त्याचा खांदा ओढलेला काढलायस. म्हणजे तो दोरीला लटकलाय, राइट? मग दोरी टाइट पाहिजे. आणि तो लटकला असेल तर एवढं सगळं वजन पायावर कसं? थोडं वर गेलं पाहिजे. तू पूर्ण पायातच टाकलंस. ही दोरी नाही आई, ही वाळत घातलेली ओढणी आहे."

आई बघत राहिली. बावीस वर्षं ती लोकांना बार धरून उभं करत होती. हातावर किती, पायावर किती, हे तिचंच काम होतं.

"दोरी मी शेवटी काढली, घाईघाईत," ती हळूच म्हणाली. "वस्तू म्हणून काढली. त्याच्या हातात काय जातंय ते पाहिलंच नाही मी." मग तिने अंगठ्याने हवेतच त्या रेघेवरून वर हात फिरवला, छतापर्यंत. "बाप्पा. हे तर सगळंच बदलते."

आणि कल्याणीला कळलं आपण काय केलं ते. जी एक गोष्ट आईला दिसली नव्हती, ती आपण ताटात वाढून दिली. आता आई आत जाणार, दोरी ताणणार, टाच हलकी करणार, आणि ते चित्र उभं राहणार.

मादामने आतून टाळी वाजवली. मॉडेल कॉफी संपवून परत गेला. प्रभा भिंतीला हात देऊन उठली, बोर्ड काखेत घेतला आणि दोन पावलं गेल्यावर वळली. चेहऱ्यावर कसलाही टोमणा नव्हता, उपकारही नव्हते. आतले दहा जण एकमेकांकडे बघतात तसं, बरोबरीचं म्हणून, ती कल्याणीकडे बघत होती, आणि तेच सहन होत नव्हतं.

"अजून काही दिसते का गं?"

दिसत होतं. वर धरलेल्या हाताचं कोपर. अर्धा इंच खाली हवं होतं, आणि ते खाली आलं की मान मोकळी झाली असती. चित्र समोर आलं तेव्हापासून दिसत होतं.

"दिसतंय," कल्याणी म्हणाली. "पण नाही सांगणार."

प्रभा हसली नाही. तिने बोर्ड वर करून एकदा नीट पाहिला, मग मान हलवली.

"नको सांगू. मी शोधते."

दार बंद झालं. कल्याणीने फोनवर वेळ पाहिली. बसला अजून एकोणीस मिनिटं होती. तिने जॅकेट काढलं, बिनहातांचं ते धड खिडकीकडे थोडं फिरवलं, आणि नवा कागद लावला. मग स्वतःच पुतळ्याशेजारी उभी राहिली, त्याच्यासारखी, आणि आधी डाव्या पायावर वजन टाकून बघितलं, मग उजव्या.